देवाचं खासगीतून

ताई, नमस्कार.

मी सोलापूरची. सहा वर्षांपूर्वी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं काम सुरू केलं. आज हाताखाली सहा बायका आहेत. मी स्वामींची भक्त, दर गुरुवारी अक्कलकोटला जाते. पहिली ऑर्डरही तिथल्याच ओळखीतून मिळाली. आजवर जे मिळालं ते स्वामींनी दिलं, असंच मी मानते.

मागच्या दिवाळीच्या महिन्यात 1,80,000 रुपयांची विक्री झाली होती. या श्रावणात ती 95,000 वर आली. माझा सर्वांत मोठा दुकानदार आहे, त्याने चटणीला वास येतो म्हणून माल परत पाठवला आणि आधीच्या मालाचे 74,000 अडवून ठेवले. एका गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, भट्टी चुकीच्या दिशेला आहे, वास्तुदोष आहे, पितृपंधरवडा लागायच्या आत शांत करून घ्या. खर्च 51,000. माझ्याजवळ 62,000 आहेत, तेही नव्या शेंगदाण्यासाठी ठेवलेले. सासूबाई म्हणतात, एवढी शंका घेतेस म्हणजे तुझी श्रद्धाच कमी पडते. त्यांच्या सांगण्यावरून कामाच्या बायकांनाही त्या चार दिवसांत खोलीत घेत नाही, तरी हे असं का व्हावं? आमचे हे म्हणतात, देव-देव बंद कर आणि धंदा कर.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. आषाढात स्वस्त मिळाले म्हणून दोन क्विंटल शेंगदाणे घेतले. त्यांना जरा कुबट वास होता. भाजल्यावर जाईल असं वाटलं. त्यातलं एक पोतं अजून शिल्लक आहे. स्वामी त्यामुळेच कोपले असतील का?

एक भगिनी, सोलापूर

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. भट्टीची दिशा, सासूबाईंचं बोलणं, अडकलेले पैसे हे सगळं तुम्ही आधी लिहिलंत, आणि ज्याने रात्री झोप लागत नाही ते पानाच्या तळाशी. मी तिथूनच सुरुवात करते.

राहिलेलं पोतं आजच बाजूला काढा. त्यातला एक दाणाही कढईत पडता कामा नये. ओल धरलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृतावर जातं, आणि भाजल्याने पूर्ण नाहीसं होत नाही. लसूण-तिखटाने वास झाकला जातो, एवढंच. गुरांच्या पेंडीतही मिसळू नका, कारण म्हशीच्या पोटात गेलं की त्याचा अंश दुधात उतरतो. खड्डा करून पुरून टाका. चार-पाच हजारांचं नुकसान होईल, ते सोसा. नुसता खवट दाणा वेगळा आणि बुरसलेला वेगळा. खवटपणा तेल जुनं झाल्याने येतो, चव बिघडते, गिऱ्हाईक तुटतं. बुरशीत मात्र माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो, म्हणून मी इतकी घाई करतेय.

आता तुमचा प्रश्न. देवाच्या मनातलं सांगायचा अधिकार मला नाही, आणि तो गुरुजींना आहे असंही मला वाटत नाही. मला दिसतं ते असं: तुम्हाला कुणी पकडलं नव्हतं. दुकानदाराला वास आला, पण त्याचं मूळ त्याला ठाऊक नाही. घरातही कुणाला माहीत नाही. तरी तुम्ही महिनाभर आतल्या आत जळताय. हे जळणं तुमच्या श्रद्धेनेच दिलेलं आहे. श्रद्धा कमी पडली असती तर तुम्ही तेही पोतं संपवून मोकळ्या झाला असता. सासूबाईंचं म्हणणं मला या एका जागी अजिबात मान्य नाही. तुमची श्रद्धा आपलं काम चोख करतेय, फक्त ती बोट दाखवतेय पोत्याकडे आणि तुम्हाला बघायला सांगितलं जातंय भट्टीकडे.

आपल्याकडे प्रायश्चित्त ही फार जुनी गोष्ट आहे. त्यात चूक बोलून दाखवणं आलं, आणि ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून देणं आलं. शेंगदाण्यात झालेली चूक दिशेच्या नावावर फेडली, तर ज्या घरात तो पुडा गेला त्या घराच्या पदरात काय पडलं? ज्याने परत पाठवला त्याच्याखेरीज आणखी कुठे-कुठे तो माल गेला, ते वहीत असेलच. पुड्यावर बॅच नंबर टाकत असाल तर नेमके पुडे सांगता येतील. टाकत नसाल, तर त्या शेंगदाण्याला हात लावल्या दिवसापासून बांधलेला सगळा माल परत मागवा, चांगला निघाला असेल तोही. आणि पुढच्या घाण्यापासून नंबर टाकायला लागा. या माल परत घेण्यात वीस-पंचवीस हजार जातील कदाचित. वास्तुशांतीच्या निम्मे. पण तुमच्या मनातली शांत याच पैशांत होईल, अशी माझी खात्री आहे.

उरला 51,000 चा प्रश्न. इथे मला अहिल्याबाई होळकरांची आठवण होते. हातात शिवपिंड घेतलेली त्यांची मूर्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. काशी विश्वनाथाचं मंदिर त्यांनी पुन्हा उभं केलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. एवढा खर्च कुठून झाला? होळकरांच्या कारभारात दोन खाती होती. राज्याचा महसूल ती दौलत. आणि घरातल्या राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाची जहागीर ती खासगी. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना ही खासगी लावून दिली, पुढे ती सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी राज्य केलं. देवाधर्माचा खर्च त्या खासगीतून करत, राज्याचा कारभार दौलतीतून चाले. त्यांच्याइतकी शिवभक्त राणी शोधून सापडायची नाही, पण फौजेच्या पगाराचा पैसा त्यांनी घाटाच्या पायरीला लावला नाही.

तुमच्या खोलीत दौलत आणि खासगी एकाच डब्यात आहेत. ते 62,000 तुमच्या हातात आहेत, पण तुमचे नाहीत. त्यात नव्या हंगामाचा शेंगदाणा आहे, ज्वारी आहे, गॅस आहे, सहा बायकांची पुढच्या महिन्याची मजुरी आहे. तो पैसा धंद्याचा. त्यातून शांत करायची म्हणजे त्या सहा जणींना न विचारता त्यांच्या पदरचे पैसे देवाला वाहिल्यासारखं होईल.

म्हणून असं करा. या महिन्यापासून स्वतःला पगार लावा. सहा वर्षांत तुम्ही तो कधी घेतला नसणार, आपल्या बायका घेतच नाहीत. गल्ल्यातून घरात जातं आणि घरातून गल्ल्यात येतं. आठ हजार लावा, दहा लावा, धंद्याला झेपेल तेवढा, पण ठरल्या तारखेला घ्या आणि वेगळ्या खात्यात टाका. ती तुमची खासगी. अक्कलकोटचं बसभाडं, अन्नछत्राची देणगी, गुरुवारचा नैवेद्य, सगळं त्यातून. त्याचा हिशेब नवऱ्याने विचारू नये आणि सासूबाईंनीही. वास्तुशांत करावीशी मनापासून वाटत असेल तर तीही करा, त्याच पैशांतून साठवून, ओळखीच्या भटजींकडून, परवडेल तेवढी साधी. फक्त कुणीतरी मुदत घालून घाबरवलं म्हणून करू नका. पितृपंधरवडा लागायच्या आत पैसे भरा, हे मला दुकानातल्या सेलसारखं वाटतं आणि त्याचं वाईट वाटतं, कारण घाबरलेल्या बाईला घाई करायला लावणं सोपं असतं.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. बचत गटांच्या कामात पडण्याआधी माझी स्वतःची पिठाची गिरणी होती. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईक गळायला लागलं. एकाने सांगितलं, दारावर यंत्र लावा, नजर लागली आहे. बँकेच्या हप्त्याला ठेवलेले 11,000 मी त्याला दिले. यंत्र लागलं, हप्ता थकला, गिऱ्हाईक गळतच राहिलं. शेवटी शेजारची एक म्हातारी दळण न्यायला आली आणि पिठात हात घालून म्हणाली, अगं पीठ किती गरम येतंय, दगडाला टाकी कधी लावलीस? टाकी म्हणजे झिजलेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खाचा पाडणं. ती आठ महिने लावली नव्हती. चाललंय म्हणून चालू दिलं होतं. भाकरी थापताना तडकत होती, बायका तोंडावर काही न बोलता दुसऱ्या गिरणीत जात होत्या. टाकीवाल्याने दीड दिवसात काम केलं. हरवलेली सगळी गिऱ्हाइकं परत आली नाहीत, पण गिरणी उभी राहिली. तेव्हापासून कुणी मला कारण सांगितलं की मी आधी पिठात हात घालून बघते.

तुम्हीही घाला. भट्टीची जागा बघाच, पण खिडकी कुठे आहे, धूर कुठून जातो, उकळतं तेल घेऊन बाईला किती पावलं चालावं लागतं, दार किती लांब आहे, हे बघा. या कारणांनी हलवावीशी वाटली तर जरूर हलवा.

आणि वहीतलं मागच्या वर्षीच्या श्रावणाचं पान काढा. तुम्ही दिवाळीची विक्री श्रावणाशी ताडून पाहिलीत. दिवाळीत सोलापूरची चटणी पुण्या-मुंबईला सुटकेसमधून जाते, त्या महिन्याची बरोबरी दुसरा कुठला महिना करेल? शिवाय तुमच्या चटणीत लसूण आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत किती घरांत चातुर्मास पाळतात, श्रावणात तर किती घरं कांदा-लसूण बंद करतात, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तुम्ही स्वतःही कदाचित खात नसाल. म्हणजे तुमच्या विक्रीतली काही घट तुमच्यासारख्याच श्रद्धाळू बायकांच्या नेमातून आली आहे. कोप नाही, पंचांग आहे. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे: जिरं-तिखटाची, बिनलसणाची चटणी वेगळ्या रंगाच्या पुड्यात. लसणाचा खलबत्ता किंवा कांडपयंत्र तिच्यासाठी वापरायचं नाही, हे पाळलंत तर नेम करणाऱ्या बायका तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतील. इथे तुमची भक्ती धंद्याच्या खरोखर कामाला येते, कारण नेम म्हणजे काय ते तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

लिज्जतची सुरुवात तुम्ही ऐकली असेल. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्याच पावसाळ्यात चार महिने काम बंद पडलं, पापड वाळेनात. त्यांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. मला ती खाट फार आवडते. पावसाळा दरवर्षी येणार, चातुर्मासही येणार.

आता त्या चार दिवसांचं. तुम्ही स्वतः देवघरात जायचं की नाही, ते तुमचं आणि तुमच्या मनाचं. मी त्यात पडणार नाही. पण सहा बायका, प्रत्येकीचे चार दिवस, महिन्याला 24 दिवसांचं काम झालं. महिन्यात कामाचे 26 दिवस धरले तर एक बाई जवळजवळ पूर्ण महिनाभर घरी बसवल्यासारखं. त्या दिवसांची मजुरी देता की कापता ते लिहिलं नाहीत. न लिहिण्यावरून मला वाटतं, कापता. पाळणूक तुमच्या घरची आणि खाडा त्यांच्या घरचा, हे बरोबर नाही. शेंगदाणे निवडणाऱ्या बाईच्या मुलाची फी त्या चार दिवसांवर अडत असेल. खोलीत स्वामींची तसबीर आहे म्हणून अडचण वाटत असेल तर तसबीर घरातल्या देवघरात न्या, बायकांना कामावर घ्या. अन्नाला खरा धोका असतो तो जुलाब, ताप, हाताला चिघळलेली जखम असताना काम करण्याचा. त्या दिवशी मात्र बाईला घरी पाठवा, आणि मजुरी देऊन पाठवा, नाहीतर ती आजार लपवून येईल.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना घेऊन एकदा पंढरपूरजवळ गोपाळपूरला जाऊन या. तिथे जनाबाईचं जातं दाखवतात. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसला, ही गोष्ट त्यांना पाठ असेल. त्या गोष्टीतही पीठ आपोआप पडत नाही. देवालाही खुंटा धरून जातं ओढावं लागतं, आणि तो तिला जातं कुठल्या दिशेला मांडलंस म्हणून विचारत नाही. जातं बघून झालं की तुमच्या मनातलं बोला. तिथे बोलणं सोपं जाईल.

आणि यजमानांना माझा निरोप द्या. देव-देव बंद कर म्हणणं सोपं आहे, पण सहा वर्षं भट्टी पेटती ठेवायचं बळ या बाईला कुठून आलं, ते त्यांनी स्वतःला विचारावं. पहिलं गिऱ्हाईक अक्कलकोटच्या ओळखीतून मिळालं तेही सहज नव्हे. अन्न माणूस विश्वासाच्या माणसाकडूनच घेतो, आणि दर गुरुवारी रांगेत शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईवर विश्वास बसतो. मी बचत गटांत शेकडो बायका पाहिल्या. कुणी अंबाबाईची, कुणी दर्ग्यावर चादर चढवणारी, कुणी रविवारी न चुकता चर्चला जाणारी. हप्ता थकल्यावर रात्री कोसळणाऱ्या बाईला सकाळी उठवण्याचं काम त्यांच्या-त्यांच्या देवाने केलेलं मी पाहिलं आहे. ते काम हिशेबाच्या वहीने होत नाही. वहीचं काम देवावर ढकललं तेव्हा मात्र त्याच बायका बुडताना पाहिल्या. तुमच्या तसबिरीखाली लिहिलेलं असेल, स्वामी पाठीशी आहेत. पाठीशी आहेत तर पुढे तुम्हालाच चालायचं आहे.

74,000 चं थोडक्यात सांगते. वास आलेल्या मालाचे पैसे त्या दुकानदाराने कापले तर ते योग्यच आहे, वाद घालू नका. उलट स्वतः जाऊन सांगा की दाणा खराब होता, चूक माझी. पण आधीच्या चांगल्या मालाचे पैसे अडवायचा त्याला हक्क नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारकडची नोंद, हवी. ती ऑनलाइन होते, फुकट होते, कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. केली नसेल तर पुढचा माल द्यायच्या आत करून घ्या. आधी बिलं घेऊन समोरासमोर बसा, बहुतेक वेळा तेवढ्याने मिटतं. नाहीच मिटलं तर छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

नवा शेंगदाणा घेताना पोत्याच्या तळातून मूठभर काढा, वरून नको. सुरकुतलेला, काळपट, वास मारणारा दाणा दिसला की पोतं परत. दाणा दातांखाली कटकन फुटला पाहिजे. पोती फरशीवर टेकवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. चटणी पातळ पारदर्शक पिशवीत भरत असाल तर तेही बदला. उजेड आणि हवा लागली की शेंगदाण्याचं तेल खवट होतं. आतून चंदेरी, जाड पुडा महाग पडतो खरा, पण परत आलेल्या मालाहून स्वस्त.

कोजागिरीला सोलापुरातून हजारो माणसं तुळजापूरला चालत जातात, हे मी तुम्हाला काय सांगणार. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर रात्रभर चालणाऱ्या माणसाच्या पिशवीत न विटणारी कडक भाकरी आणि बिनलसणाची चटणी असावी, यासारखं दुसरं काय? दोन भाकऱ्या आणि चटणीची एक लहान पुडी असं पाकीट बांधा. त्या वाटेवर काही पाकिटं फुकट वाटावीशी वाटली तर वाटा, मात्र तेवढ्यांची किंमत तुमच्या पगारातून गल्ल्यात टाका.

हे सगळं नंतर. आधी ज्या दुकानांत तो माल अजून फळीवर आहे त्यांना फोन करा. सकाळी दुकानं उघडली की लगेच, गुरुजींना कळवायच्याही आधी.

तुमची,
ताई